विहिरीतलं बेरिल

१

जुईने तो दगड चाटला की नाही, या एका प्रश्नापायी समीक्षाचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

चाटला असेल, तर नुसती जीभ लावली की चांगला लिमलेटच्या गोळीसारखा चोखला? बेरिल म्हणजे पाचूच्या जातीचं खनिज; त्यात बेरिलियम असतं आणि बेरिलियम विषारी, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. एम. एस्सी.च्या तोंडी परीक्षेत तिनेच ते सांगून मार्क मिळवले होते. त्याच परीक्षेत तिने हेही सांगितलं होतं, की स्फटिकात ते इतकं घट्ट बांधलेलं असतं की माणसाच्या थुंकीने त्याचं काही वाकडं होत नाही. पण आईच्या डोक्याची रचनाच अशी, की पहिलं वाक्य त्यात रुतून बसतं आणि दुसरं गळून जातं.

त्यातून पोरीला हे शिकवलं कोणी? तिनेच. दगड जमवणाऱ्यांची ही जुनी खोड. मातीने माखलेला दगड हाती आला की जीभ लावायची. ओला झाला की खरा रंग दिसतो. शेजारी पाण्याचा तांब्या भरलेला असला तरी आधी जीभच बाहेर येते. काल दुपारी विहिरी खणणाऱ्या नागूने दगड दिला, तेव्हाही तिने तो सवयीने चाटला, खिडकीच्या उजेडात धरला आणि मान वळवली, तर जुई टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बघत होती. इतक्यात खालून घरमालकीण वनितामावशींनी हाक मारली. समीक्षा जिन्यापर्यंत जाऊन आली. दगड टेबलावर होता तसाच होता, आणि ओला होता. आता तो तिच्या जिभेने ओला की पोरीच्या, हे कोणत्या प्रयोगशाळेत कळणार?

"जुई, तोंडात घातलास तू हा?"

जुईने मान हलवली. चार वर्षांच्या मुलांची ती मान. हो म्हणते की नाही म्हणते, ते त्या मानेलाच ठाऊक.

सकाळी ओमकारचा फोन आला. तो गुजरातेत दहेजला, एका रसायनांच्या कारखान्यात. महिन्यातून दोनदा घरी यायचा. समीक्षाने त्याला सगळं सांगितलं. पलीकडे जांभई ऐकू आली.

"अगं, तू रोज काहीतरी चाटत असतेस. तुला कधी काय झालंय?"

समीक्षा हसली. हे मात्र खरं होतं.

२

कर्जत-खालापूरकडच्या काळ्या दगडाच्या पोटात पुष्कळ काही सापडतं. खाणीत सुरुंग उडाला, विहीर खणली, रस्त्यासाठी डोंगर कापला की दगडात पोकळ्या निघतात, आणि पोकळीत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक चिकटलेले असतात. जगभरचे लोक ते घेऊन जातात. सापडत नाही ते एकच, बेरिल. त्याला दुसरा खडक लागतो, दुसरी उष्णता लागते, खूप खोल आणि खूप सावकाश थंड होणारं काहीतरी लागतं. इथल्या लाव्हाला एवढा धीर कुठला.

आणि समीक्षाला नाद नेमका बेरिलचा. अंगणात आंब्याची बाग असताना सफरचंदासाठी झुरावं, तसला प्रकार. ओमकार म्हणायचा, तुझा स्वभावच तसा. ती म्हणायची, म्हणून तर तुझ्याशी लग्न केलं.

दहिवलीत वनितामावशींच्या घराचा वरचा मजला त्यांनी भाड्याने घेतला होता. हॉलमध्ये काचेचं एक कपाट होतं. लोकांच्या कपाटात तिथे भेट मिळालेले डिनर सेट असतात. समीक्षाच्या कपाटात राजस्थानचे, ओडिशाचे, झारखंडचे स्फटिक कापसावर निजलेले होते. दुपारी जुई झोपली की ती एकेक बाहेर काढी, जुन्या टूथब्रशने कोमट पाण्यात घाशी, पुसून परत ठेवी. कधी कधी त्या घासण्याच्या आवाजाखेरीज घरात दुसरा आवाज नसे. आपण आज एखाद्या मोठ्या माणसाशी किती वाक्यं बोललो, हे तिने एकदा आठवून पाहिलं होतं आणि मग पुन्हा तो खेळ खेळली नव्हती.

त्या सगळ्यांत तिचा जीव होता कांगेयमच्या निळ्या बेरिलवर. कॉलेजच्या सहलीत तमिळनाडूतल्या एका खडेवाल्याकडून घेतलेलं, करंगळीएवढं. सहा बाजूंचा सरळ खांब, अंगावर बारीक उभ्या रेघा. क्वार्ट्झही सहा बाजूंचं असतं, पण ते वर टोकदार होतं आणि त्याच्या रेघा आडव्या. बेरिल माथ्यावर सपाट, सुरीने कापल्यासारखं. आडवं धरून पाहिलं की निळं दिसे, माथ्याकडून पाहिलं की रंग जवळजवळ नाहीसा होई. तेच ते, पण बघणाऱ्याने कुठे उभं राहावं यावर सगळं. जुई पोटात असताना ते एकदा तिच्या हातून स्वयंपाकाच्या ओट्यावर पडलं आणि माथ्याच्या एका कोपऱ्याचा कपचा उडाला. कापलेल्या नखासारखी कोर राहिली. अंधारातही अंगठा तिथेच जाई.

नागू कशेळ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहायचा. विहिरी खणायच्या कामाला जायचा आणि काही चकाकतं निघालं की डब्यात घालून तिच्याकडे आणायचा. त्या दुपारीही त्याने स्टीलचा डबा उघडला, वर्तमानपत्र उलगडलं आणि म्हणाला, "ताई, आमच्या वाडीच्या नव्या विहिरीत घावला. यो जरा येगळाच हाय. बघा बरं तुमच्या कामाचा हाय का."

काळ्या दगडाच्या कपचीवर पांढरी साखर पेरल्यासारखे बारीक स्फटिक होते, ते नेहमीचेच. त्यांच्यामधून सहा बाजूंचा एक खांब वर आला होता. मातीखाली रंग कळेना. समीक्षाने जीभ लावली. निळा.

ते सगळं आदल्या दिवशीचं. दुसऱ्या दिवशी, ओमकारचा फोन ठेवल्यावर, तिने खांब नीट धुतला. माती गेली. अंगठा माथ्यावरून सहज फिरला आणि एका कोपऱ्याशी थांबला.

तिथे कपचा उडालेला होता. कापलेल्या नखासारखा.

३

पहिला विचार आला तो असा, की नागूने आपलं बेरिल कपाटातून उचललं, काहीतरी लावून दगडावर चिकटवलं आणि आपल्यालाच आणून दिलं. विचार इतका नीच होता की तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि इतका सोयीचा होता की कपाटाशी जाईपर्यंत तिने तो सोडला नाही.

कांगेयमचं बेरिल कापसावर होतं.

तिने दोन्ही शेजारी ठेवली. उंची तीच. तिसऱ्या बाजूवरची मधेच तुटलेली रेघ तीच. आत, तळाशी, केसाएवढी भेग होती, तीही तिथेच. तिने नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेऊन जोड चोळून पाहिला. चिकटवलेलं असतं तर सुटलं असतं. खांब दगडातूनच आला होता.

मग तिने शहाण्या माणसाने करू नये ते केलं. फोटो काढून दगडप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला.

"कर्जतमध्ये बेरिल? मग उल्हास नदीत देवमासाही असेल," एकाने लिहिलं.

"ताई, दोन फोटो एकाच दगडाचे टाकलेत," दुसऱ्याने लिहिलं.

तिसऱ्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं, ते कशासाठी कळलं नाही.

समीक्षाने फोन पालथा ठेवला आणि शाळकरी पोरीसारखी कसोटी घेतली. बेरिल काचेवर सहज ओरखडा काढतं. तिने लोणच्याची रिकामी बरणी घेतली. कांगेयमच्या बेरिलने करकरून रेघ ओढली. विहिरीतल्याने नुसता खडूसारखा पांढरा माग सोडला, बोटाने पुसला गेला. म्हणजे बेरिल नव्हतं. तिला हायसं वाटलं, पण मिनिटभरच.

खनिजांत असं होतं. एखादा स्फटिक दगडात वर्षानुवर्षं उभा असतो. त्याच्या कडेने दुसरं काहीतरी झिरपत येतं आणि त्याचा कण न् कण काढून तिथे स्वतःचा कण ठेवतं. घाई नाही, धक्का नाही. आकार पहिल्याचा राहतो, धार, रेघा, कपचे, सगळं. आतलं द्रव्य मात्र पुरतं दुसऱ्याचं. त्यासाठी एकच गोष्ट लागते. पहिला स्फटिक आधी तिथे असावा लागतो.

कशेळ्याच्या विहिरीत तो कधीच नव्हता. तो इथे होता, दहिवलीत, कापसावर.

खऱ्या दगडाची आणखी एक खूण असते. गालाला लावला की गार लागतो आणि बराच वेळ गारच राहतो. तिने विहिरीतलं गालाला लावलं आणि चटकन खाली ठेवलं. ते कोमट होतं. एसटीत नुकतंच कुणी उठून गेलेल्या सीटवर बसावं, तसं.

४

त्यानंतर जुई बदलली.

आधी समीक्षाला वाटलं, आपल्याच डोक्यात भरलंय. बाळंतपणात जुईचा श्वास चालू आहे ना म्हणून ती नाकाशी आरसा धरून बघायची. तेव्हाही डॉक्टर हसले होते. पण हे निराळं होतं. जुई जेवायची, खेळायची, बालवाडीत जायची. फक्त समीक्षाकडे टक लावून बघायची. खोलीत शिरलं की हातातलं खेळणं थांबायचं. रात्री कुशीत शिरणारी पोर आता भिंतीला चिकटून झोपायची, आणि मधल्या जागेत आणखी एक माणूस मावलं असतं.

आणि ती 'आई' म्हणेनाशी झाली. पाणी हवं असेल तर "पाणी" म्हणायची. गाऊन ओढायची. एकदा गॅलरीतून "ए" म्हणाली. समीक्षाने आठवून पाहिलं, शेवटची 'आई' कधी ऐकली. आठवेना. त्या दगडाने काही केलं असेल तर? आपल्यासमोर बसून वरण-भात खाणारी ही पोर बाहेरून जुई आहे, तिच्या हनुवटीवरचा तीळ तिथेच आहे, पण आत कुणी कण न् कण उचलून…

असं वाक्य मनात पुरं करायचं नाही, एवढं शहाणपण तिच्यात होतं. तिने जुईला उचलून गालाला गाल लावला. पोर भाजत होती.

ती तशीच तिला घेऊन जिना उतरली. वनितामावशी ओटीवर परात घेऊन बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या.

"मावशी, जुईला ताप आहे हो. केवढी तापलीय बघा."

वनितामावशींनी ओला हात पदराला पुसला आणि जुईच्या कपाळाला लावला. मग मानेला. "काय नाय. चांगली धडधाकट हाय पोर."

"अहो, भट्टी झालीय अंगाची."

"आण तुझा थरमामीटर."

काखेतून काढलेल्या थर्मामीटरवर काहीही ताप नव्हता. वनितामावशींनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि समीक्षाचा हात हातात घेतला. घेतला तसा सोडला.

"अगं बया! तुजंच हात बर्फावाणी. मग पोर तापलेलीच लागल. जेवतेस का नाय? नवरा हितं नाय म्हनून चहावर दिवस काढतेस, मला काय कळत नाय?" त्यांनी जुईच्या हातात सोललेला वाल ठेवला. "आन आवाज पन बसलाय तुजा. काल ओढ्याकडनं हाक मारलीस, मी म्हनलं कोन ही बाई."

"मी काल ओढ्याकडे गेलेच नव्हते, मावशी."

"बरं बाई, नसशील. चष्म्याचा नंबर वाढलाय माजा."

जुई वनितामावशींच्या मांडीला टेकून वाल कुरतडत होती. समीक्षाने हात पुढे केला, "चल वर." जुईने आधी मावशींकडे पाहिलं, जावं का, असं विचारल्यासारखं.

५

आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

खरखर, खरखर, मग थोडा वेळ काही नाही, मग पाण्यात बुडवल्याचा आवाज. टूथब्रशने दगड घासण्याचा. तिने तो इतकी वर्षं स्वतःच काढला होता, पण बाहेरून कधी ऐकला नव्हता. आपला घोरण्याचा आवाज जसा आपण ऐकत नाही.

जुई असणार. तिच्या हाती ब्रश लागला असणार. समीक्षा ओली चादर तशीच टाकून आत धावली.

हॉलमध्ये जुई जमिनीवर चित्र रंगवत बसली होती. टेबलावर पाण्याचा वाडगा होता, ब्रश ओला होता, विहिरीतला दगड ओला होता.

"जुई, मी सांगितलंय ना, हात लावायचा नाही? काय करत होतीस?"

"मी नाही." जुईने खडू खाली ठेवला. "आत्ता तूच घासत होतीस."

समीक्षाने तिच्या तळव्यांकडे पाहिलं. खडूचा रंग होता, कोरडा.

माणूस घाबरतं तेव्हा आधी हिशेब लावतं. वाडगा सकाळपासून तिथेच असेल. ब्रश मीच घासून ठेवला असेल. हल्ली झोप नाही, लक्ष कुठे असतं. आवाज शेजारच्या घरातून आला असेल, भांडी घासण्याचा. पोरीला काल आणि आत्ता यातला फरक कळत नाही. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. फक्त ती सगळी उत्तरं एकाच घरात, एकाच दुपारी नांदायला तयार नव्हती.

त्याच संध्याकाळी ती दळण आणायला खाली उतरली, तर फाटकाशी नागू भेटला. हातात डबा.

"आलात व्हय परत," तो म्हणाला.

"परत म्हणजे?"

"मगाशी पिंपळापाशी भेटलात नव्हं का. डबा दावला, तर तुमी बोलल्यात, आता नको, माझ्याकडं हाय." तो ओशाळं हसला. "तरी पन म्हनलं, पुन्यांदा इचारावं. बाईमानसाचं मन, बदलतंय."

"नागू, मी आज घराबाहेर पडलेली नाही."

नागूने तिच्या तोंडाकडे पाहिलं. हसू हळूहळू आवरलं. मग गिऱ्हाइकाशी वाद नको, अशा समजूतदारपणे तो म्हणाला, "नसाल, ताई. उनाचं डोळं दिपत्यात."

तिने ओमकारला व्हिडिओ कॉल लावला. सांगायचं काय, हेच ठरेना. ताप नसलेला ताप, न केलेली फेरी, वाडग्यातलं पाणी. शेवटी ती म्हणाली, "तू ये ना."

"येत्या शनिवारी येतोच आहे गं. दाखव, जुई दाखव."

जुईने फोन घेतला आणि पडद्याला तोंड चिकटवून बापाशी कुजबुजायला लागली. समीक्षाने कान दिला, पण काही ऐकू आलं नाही. ओमकार हसला, "हो हो, सांगतो हं." कॉल संपल्यावर तिने विचारलं, काय म्हणालीस बाबाला? जुईने भिंतीकडे तोंड केलं.

६

परत नेऊन टाकायचा. यात विज्ञान नव्हतं, हे तिला कळत होतं. पण मंत्रही नव्हता. दुकानातून खराब निघालेला माल आपण परत करतो, तेवढंच. पोर पुन्हा 'आई' म्हणाली की झालं. मग कुणाला काही सांगायचं नाही, दगडांना पुन्हा जीभ लावायची नाही.

जुईला खाली वनितामावशींकडे सोडून तिने कपाट उघडलं. विहिरीतला खांब काळ्या दगडापासून आदल्या रात्री आपोआप सुटून आला होता. बुडाशी जखम नाही, पिकलेलं फळ देठातून गळावं तसा. तेव्हा झोपेच्या गुंगीत तिने तो उचलून कांगेयमच्या शेजारी कापसावर ठेवला होता. डावीकडे की उजवीकडे?

तिने लोणच्याची बरणी घेतली. डावीकडच्याने पांढरा माग सोडला. बोटाने पुसला गेला. ठीक; म्हणजे हाच. खात्रीसाठी उजवीकडचा ओढला.

त्यानेही पांढराच माग सोडला.

तिने बरणी बाजूला ठेवली. मग दोन्ही आळीपाळीने गालाला लावली. दोन्ही कोमट लागली. पण वनितामावशी म्हणाल्या ते खरं असेल, आणि आपलंच अंग गार पडलं असेल, तर जगात कोमट लागणार नाही असं काय उरलं?

शेवटी तिने डोळे मिटले, दोन्ही हातांत दोन्ही घेतली आणि अंगठे माथ्यावरून फिरवले. हाताला जो ओळखीचा वाटला, तो तिने कापसावर परत ठेवला. दुसरा ओढणीत बांधला.

कशेळ्यापर्यंत शेअर जीपने आणि पुढे वाडीपर्यंत पायी. भात कधीच निघून गेलं होतं. शेतं मोकळी, पेंढ्याच्या उडव्या उभ्या. विहीर वाडीच्या खालच्या अंगाला होती, अजून कोरडी, अर्धवट. नागू आणि त्याची बायको सोमी काठावर दगड रचत होते.

"दगूड परत करनारं गिऱ्हाइक पयलंच बघितलं," नागू म्हणाला.

"ठेव म्हनावं, जागा भरंल," सोमी म्हणाली आणि फिसकन हसली. "चा घेनार का ताई? गार पडल्यासारक्या दिसताय."

समीक्षा शिडीने उतरली. खाली उन्हाचा चौकोन होता, बाकी सावली. नागूने वरून सांगितलेली पोकळी खांद्याच्या उंचीवर होती. तिने फोनचा दिवा लावला. आत पांढरी साखर चमकली आणि मधोमध एक रिकामी जागा होती, सहा कोपऱ्यांची, कडा अगदी धारदार. तिने हात घातला. कोळशाच्या इस्त्रीखालून काढलेल्या कापडासारखी ऊब होती आत. बोटांना दगड लागला, मग पुढे आणखी काही तरी लागलं; गुळगुळीत, मऊ वाटावं इतकं गुळगुळीत, आणि त्यावर एका बाजूला बारीकसा उंचवटा. तीळ असावा तसा. तिने हात झटक्यात मागे घेतला. दिवा आत धरायचा की नाही, हे तिने ठरवलं: नाही. ओढणी सोडली, खांब त्या जागेत सरकवला. तो नीट बसला, अगदी थोडा फिरवावा लागला.

वर आल्यावर सोमीचा चहा तिने एका दमात प्यायला. उकळता होता, वाफा निघत होत्या. जिभेला काही लागलं नाही.

७

दहिवलीत उतरली तेव्हा उन्हं कलती होती आणि तिचं मन कधी नाही इतकं हलकं होतं. कोपऱ्यावरच्या बेकरीतून तिने जुईसाठी क्रीमरोल घेतला. आल्या आल्या पोरीला मांडीवर घ्यायचं, मारून मुटकून 'आई' म्हणवायचं नाही. नुसतं बसायचं, येईल तेव्हा येईल.

वनितामावशी ओटीवरच होत्या, तांदूळ पाखडत.

"आता काय इसरलीस?" त्या वर न बघता म्हणाल्या.

"विसरले नाही. जुईला न्यायला आले."

सुपातले तांदूळ थांबले. वनितामावशींनी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"आगं, जुईला तर आत्ता नेलीस की. हसत खिदळत गेली पोर, कडेवर बसून. म्हनली पन मला, आई आली, आई आली." त्यांचा आवाज बारीक झाला. "तूच ना गं?"

"हो," समीक्षा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? "मीच."

जिना तिच्या पायांखालचा होता; कुठली पायरी वाजते ते तिला माहीत होतं, आणि ती चुकवावी असं तिला आज पहिल्यांदाच वाटलं. अर्ध्यावर आली तेव्हा आवाज लागला. खरखर, खरखर. मग पाण्यात बुडवल्याचा. आणि त्याच्यावर कुणीतरी तोंडातल्या तोंडात गुणगुणत होतं. ती गुणगुणते असं ओमकार नेहमी म्हणायचा, ती नाही म्हणायची. आता कळलं, गुणगुणते.

दार लोटलेलं होतं. तिने बोटाने ढकललं.

हॉलमध्ये संध्याकाळचा उजेड आडवा पडला होता. काचेचं कपाट उघडं होतं. जुई दाराजवळच्या पायपुसण्यावर बसून बाहुलीचे केस विंचरत होती, गाल लाल, आत्ताच खूप हसल्यासारखे. तिच्या पलीकडे, आतल्या खोलीच्या पडद्याच्या फटीत, एक कोपर पुढेमागे होत होतं. समीक्षाच्याच गाऊनची बाही, जांभळी फुलं, शिवण उसवलेली. कोपर थांबलं. गुणगुणणं थांबलं. पडद्यामागे कुणीतरी कान देऊन उभं राहिलं, आणि आपणही तसंच उभं आहोत, हात तसाच अर्धवट वर धरून, हे समीक्षाच्या लक्षात आलं.

"जुई," ती म्हणाली. आवाज खरंच बसलेला होता. "जुई, बाळा, इकडे बघ. मी आलेय."

जुईने वर पाहिलं. गेले कित्येक दिवस जी भीती त्या डोळ्यांत होती, ती आता अजिबात नव्हती. पोरीने बाहुली खाली ठेवली, फ्रॉक नीट केला आणि चांगल्या वळणाच्या घरातलं मूल हसतं तसं गोड हसून म्हणाली,

"काकू, या ना, बसा. आई आत आहे. बोलावू?"